जमा, नावे, शिल्लक : वऱ्हाडातल्या पक्षीमित्रांची वाटचाल

वऱ्हाडातल्या पक्षीमित्रांचा इतिहास लिहायचे काम स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात लाल कापडी पाठीचे एक जाडजूड रजिस्टर आहे. बँकेत संगणक आले आणि खतावण्या अडगळीच्या खोलीत गेल्या, त्या वेळी त्यातली एक कोरी वही शाखाधिकाऱ्यांना विचारून आम्ही मागून घेतली होती. पानांवर रकाने छापलेले होते : तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. आमच्यातल्या एका रोखपालाने पहिल्याच रविवारी ते रकाने पाखरांच्या कामाला जुंपले. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला पक्षी जमा, फाल्गुन-चैत्रात निघून गेला की नावे, आणि बारा महिने इथेच राहणारा तो शिल्लक. पहिली ओळ मालखेडच्या तलावाची आहे. ‘चक्रवाक, 1 जोडी, जमा. टिबुकली, शिल्लक. वारकरी, मोजता आले नाहीत.’

हे शेवटचे तीन शब्द पुढच्या पानांवर हळूहळू कमी होत जातात. मोजता येऊ लागले. हा बदल कसा घडला, कुणी घडवला, तेवढेच मला या लेखात सांगायचे आहे. संमेलनांच्या तारखा, कार्यकारिणीची नावे यांची यादी परिशिष्टात येईलच.

माझ्या पाहण्यात आपल्या भागात पाखरांचा छंद वाढला तो कचेऱ्यांमधून. बँकेतले लिपिक, शाळा-महाविद्यालयांतले गुरुजी, अमरावती विद्यापीठातले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी, वीज मंडळातले तंत्रज्ञ, वनखात्याचे वनरक्षक. दुर्बीण एकाची, पुस्तक दुसऱ्याचे, मोटारसायकल तिसऱ्याची. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की रविवारच्या पक्ष्यावरून वाद. तो दलदल भोवत्या होता की माळ भोवत्या, यावरून दोन टेबलांमध्ये आठवडाभर अबोला धरल्याचेही मला आठवते. या माणसांना दोन गोष्टी नोकरीने शिकवल्या होत्या : वेळेवर हजर राहणे आणि पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवणे. पक्षीनिरीक्षणाला याहून वेगळे भांडवल फारसे लागत नाही.

तसे पाहिले तर हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यासच नोकरदारांनी उभा केला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला 1885 च्या काँग्रेसमुळे ठाऊक असते, पण हा सनदी अधिकारी पक्ष्यांचाही मोठा अभ्यासक होता. जकात, महसूल, वन अशा खात्यांतले ठिकठिकाणचे अधिकारी त्याला नोंदी, अंडी, कातडी पाठवत. ‘स्ट्रे फेदर्स’ हे त्याचे नियतकालिक म्हणजे या साऱ्यांचा सामायिक फळाच होता. सुमारे 82,000 कातडी आणि अंडी त्याने ब्रिटिश म्युझियमला दिली. पण ज्या ग्रंथासाठी आयुष्यभर टिपणे जमवली, ती हस्तलिखिते त्याच्या गैरहजेरीत शिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. ह्यूमने त्यानंतर पक्ष्यांचे काम सोडूनच दिले. ही हकिकत आमच्या रोखपालाने कुठेतरी वाचली आणि तेव्हापासून रजिस्टरची दुसरी प्रत काढायचा दंडक घातला. कार्बन लावून. त्या प्रती आजही आहेत.

आपल्या जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडापुरते बोलायचे तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डी’अब्रू यांनी 1935 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी छापली. स्वातंत्र्यानंतर मेळघाटची पक्षीगणना वनाधिकारी विश्वास सावरकर यांनी केली, ती 1987 मध्ये ‘चीतल’ या नियतकालिकात आली. मारुती चितमपल्ली तर सगळ्यांचेच. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी पाखरांना मराठी शब्द दिले, आणि आमच्यापैकी कितीतरी जण दुर्बिणीच्या आधी त्यांच्या पुस्तकांमुळे या वाटेला लागले.

महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांचे पहिले संमेलन 1981 मध्ये लोणावळ्याला भरले. तिथून महाराष्ट्र पक्षीमित्र ही चळवळ सुरू झाली. वऱ्हाडातून लोणावळा म्हणजे एक रात्र रेल्वेत जाणार. किरकोळ रजा जपून ठेवायची, सोबत भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायचा आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पाय मुडपून बसायचे, अशी पुढे अनेक संमेलने आमच्या लोकांनी केली. नंतर विदर्भाची स्वतंत्र संमेलनेही भरू लागली आणि घरच्या अंगणात जेवण असल्यासारखे झाले. संमेलनाहून परतलेला माणूस दोन गोष्टी हमखास आणायचा : कुणाच्या तरी नोंदींची झेरॉक्स, आणि ‘आपल्याकडे असं का होत नाही’ हा प्रश्न.

हा प्रश्न विचारणाऱ्यांनीच मग इथे कामे केली. अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झाले. मार्डी रस्त्याला लागून त्याचा विस्तीर्ण परिसर, आणि पलीकडे वडाळी-पोहऱ्याची राने. कर्मचारी सकाळी हजेरीवर सही करायला येत, त्याच झाडांवर पाखरेही असत. 2001 मध्ये डॉ. जयंत वडतकर यांनी या परिसरातल्या पक्ष्यांची यादी ‘झूज प्रिंट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. कामाच्या ठिकाणाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहता येते, हे त्या यादीने आम्हाला शिकवले. ती हाती आली त्या आठवड्यात आम्ही आमच्या शाखेच्या आवारातली दोन कडुनिंबाची झाडे आणि पाण्याची टाकी यांची यादी करून टाकली. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, वडतकर आणि डॉ. राजू कसंबे यांनी पोहरा-मालखेड राखीव जंगलाची यादी दिली आणि 2007 मध्ये तीच सुधारून पुन्हा छापली. मला या दुसऱ्या छापण्याचे मोल जास्त वाटते. यादी एकदा करणारे बरेच असतात. पाच वर्षांनी त्याच वाटेने पुन्हा जाऊन ‘हा वाढला, त्याची खात्री झाली’ असे सांगणारे थोडे.

अकोल्याकडची मंडळी वेगळ्या मातीत घडली. अमरावतीला जंगल कुशीत आहे. अकोल्याला लांबच लांब काळी जमीन, मोर्णेचा काठ, पातूर रस्त्यावरचा कापशी तलाव, कुंभारीचा तलाव, आणि थोडे पुढे 1988 मध्ये घोषित झालेले काटेपूर्णा अभयारण्य. म्हणून अकोलेकरांची नजर उघड्यावरच्या पक्ष्यांवर जास्त बसली : चंडोल, धाविक, पखुर्डी, तारेवर बसलेली कापशी घार. कापसाच्या मुलखात कापशी नावाचा तलाव आणि त्याच्या काठच्या तारेवर कापशी नावाचा पक्षी, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. पऱ्हाटी उपटून झालेल्या शेतावर ती एका जागी पंख फडफडवत थांबते आणि मग उंदरावर सरळ खाली येते. हे पाहून आमच्या एका वसुली अधिकाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा उधारीवर दुर्बीण घेतली.

आता रानपिंगळ्याविषयी. या पक्ष्याशिवाय वऱ्हाडचा पक्षी-इतिहास लिहिता येणार नाही, आणि नोंद म्हणजे काय, हे त्याच्याइतके कुणीच शिकवत नाही.

1872 मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने पूर्वेकडच्या रानात हे छोटे घुबड मिळवले. ह्यूमने 1873 मध्ये त्याचे वर्णन केले आणि ब्लेविटचे नाव दिले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला ते मिळाले. 1884 नंतर मात्र ते कुणाला दिसलेच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून 7 नमुने. त्यातल्या एकावर 1914, मांडवी, गुजरात अशी चिठ्ठी होती, रिचर्ड माइनर्त्झहागेन या नामांकित संग्राहकाच्या हातची. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक गुजरातेत शोधत राहिले. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनीही शोधून पाहिले. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडे बारकाईने तपासले, तेव्हा उघड झाले की तो डेव्हिडसनचाच एक नमुना होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. मांडवी खोटी ठरली. मग त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत, शहाद्याजवळच्या सातपुड्यात निष्पर्ण झाडावर भर सकाळी रानपिंगळा पाहिला. 113 वर्षांनी.

ही बातमी पोचली तेव्हा आमच्या गटात जी चलबिचल झाली ती मला लिहून सांगता येणार नाही. शहाद्यापासून पूर्वेला तोच सातपुडा चालत येतो आणि मेळघाटात आपला होतो. सागाची तीच राने, तीच नदीकाठची मोकळी जागा. मग इथे का नसेल? आणि तो इथे होता. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या सर्वेक्षणानंतर मेळघाटचे नाव नकाशावर आले. 2004 मध्ये कसंबे, सतीश पांडे, वडतकर आणि पावशे यांनी मेळघाटातल्या आणखी नोंदी प्रसिद्ध केल्या. 2005 मध्ये ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’मध्ये आलेल्या टिपणावर कसंबे-वडतकरांसोबत कासदेकर हे कोरकू आडनाव लेखक म्हणून छापलेले आहे. ते पान मी जपून ठेवले आहे. झफर फतेहअलींनी सुरू केलेले हे न्यूजलेटर सुरुवातीला सायक्लोस्टाइलवर निघायचे, कचेरीतल्या परिपत्रकांसारखेच. त्यात मेळघाटातल्या माणसाचे नाव लेखकांच्या ओळीत यावे, ही आपल्या इतिहासातली मोठी घटना आहे असे मी मानतो.

मी स्वतः रानपिंगळा पहिल्यांदा पाहिला तो सकाळी नऊच्या सुमारास, उन्हात. साधा पिंगळा आपल्या अंगणातल्या वडावर असतो, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचे डोके जवळपास सपाट तपकिरी. छाती गडद, आणि पोटाचा मधला भाग कोरा पांढरा, जणू कुणी तिथे रंग द्यायचा राहून गेला. शेपटीवर रुंद पट्टे, टोकाला पांढरी किनार. दोन्ही बाजूंना शेपूट झटकत तो माझ्याकडे पाहत होता. सोबतचा वनरक्षक कुजबुजला, ‘लिवा सायेब आधी, मंग पाहा.’ मी लिहिले. वेळ, झाड, उंची, काय करत होता. हात थरथरत होता, ते अक्षरावरून आजही कळते. 2018 मध्ये आययूसीएनने या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. नव्या ठिकाणांच्या नोंदी मिळत गेल्या म्हणून हे घडले.

याच्या उलट गिधाडांची गोष्ट.

आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पंचवीसेक पानांत गिधाडे फक्त चार ठिकाणी आहेत. याचा अर्थ ती कमी होती असा नाही. ती इतकी होती की लिहावीशी वाटली नाहीत. गावाबाहेर मेलेली ढोरे टाकायची जागा असे, तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा थवा बसलेला, हे दृश्य आम्हाला विजेच्या खांबाइतके नेहमीचे होते. मग ती दिसेनाशी झाली. कोणत्या वर्षी? आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी कारण सिद्ध केले : ढोरांना दुखण्यावर, सुजेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. 1992 ते 2007 या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. जनावरांसाठीच्या या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या ढोरांना टोचल्या जातात म्हणून 2015 मध्ये त्याही बंद झाल्या. हे सगळे देशाच्या पातळीवरचे आकडे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आमच्या फेऱ्यांत गिधाड शेवटचे केव्हा होते, हे सांगणारी ओळ आमच्या वहीत नाही, कारण जे दिसले ते आम्ही लिहिले. जे दिसले नाही त्याची जागा कोरी ठेवली. आयुष्यभर शून्य शिल्लक असलेली खाती सांभाळणाऱ्या माणसांना पाखरांच्या वहीत शून्य लिहायचे सुचू नये, याचे मला फार वाईट वाटते. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे : ठरलेल्या पक्ष्यांची नावे आधी पानावर लिहायची, आणि तो दिसला नाही तर समोर 0 लिहायचे. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत आम्ही हेच करतो.

आमच्या वहीत न बसणारे ज्ञानही भोवती होते, हे उशिरा कळले. तणमोर पावसाळ्यात गवतात येतो. नर गवताच्या वर उसळी घेतो, क्षणभर दिसतो, पुन्हा बुडतो. 2021 पासून हा पक्षी जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. अकोला-वाशीम भागात तो कुठे उतरतो, हे पदवीधरांपेक्षा फासेपारध्यांना नेमके ठाऊक होते. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने या समाजाला सोबत घेऊन गवताळ रानांचे आणि तणमोराचे राखण उभे केले. ज्यांच्या फाशांना हा पक्षी सापडायचा, तेच आता त्याच्या घरट्याजवळ गुरे येऊ देत नाहीत. एकदा वाशीमकडच्या माळावर एका म्हाताऱ्या पारध्याने मला सांगितले होते, ‘थे पाखरू पान्यापावसात येते, पोळा झाला का दिसत नाई.’ मी त्या दिवशी तपशिलाच्या रकान्यात फक्त ‘स्थानिक माहितीनुसार’ असे लिहिले. त्याचे नाव विचारले नाही. आता आम्ही विचारतो आणि लिहितोही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र पक्षीमित्र या संस्थेचा कारभार अमरावतीकरांच्या खांद्यावर अधिक आला. डॉ. वडतकर तिचे अध्यक्ष झाले. अमरावतीतूनच निसर्गसंरक्षणाचे काम सुरू केलेले किशोर रिठे पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संचालक झाले. चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा व्हावा असा आग्रह पक्षीमित्रांनी धरला आणि 2020 मध्ये राज्य सरकारने तो मान्य केला. पक्ष्यांच्या प्रमाण मराठी नावांच्या कामात संस्थेने घातलेले लक्ष मला या साऱ्याहून मोलाचे वाटते. नाव मराठीत असले की डब्याच्या सुट्टीतला शिपाईही वादात उतरतो. नीलपंखाला कुणी चास म्हणते, कुणी तास. दोन्ही आमच्या वहीत आहेत.

उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे गेला की कचेरीच्या गच्चीवर मातीची भांडी ठेवायची, हे काम ठरून गेले आहे. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजात अडकलेले बगळे, घारी सोडवायला कात्री आणि पुठ्ठ्याचा खोका स्कूटरच्या डिकीत असतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये हा मांजा बंद केला, तरी खोका अजून डिकीतच ठेवावा लागतो.

एक दुःख नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही वर्षानुवर्षे ज्या तलावावर जायचो, त्याचे सुशोभीकरण झाले. कोणता तलाव, कुणी केले, ते इथे महत्त्वाचे नाही. काठाला दगडी पिचिंग बसले, चालायला फरशी आली, दिवे आले. लोक फिरायला येऊ लागले, याचा आनंदच आहे. पण शेकाट्या, तुतवार, चिखल्या हे पक्षी पाण्यात पोहत नाहीत. त्यांना पाणी ओसरताना उघडा पडणारा वीतभर चिखल लागतो, त्यातच त्यांचे अन्न असते. काठ बांधला की चिखल संपतो. आम्ही निवेदन दिले, एका बाजूचा काठ कच्चा ठेवा एवढेच मागितले. ते झाले नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या पानावर तुतवाराच्या समोर 0 आहे, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही. तोवर ते शून्य लिहायला आम्ही शिकलो होतो. दुसऱ्या एका तलावाच्या कामाची चर्चा सुरू झाली तेव्हा ती दोन पाने झेरॉक्स करून आम्ही बैठकीत पुढे ठेवली. तिथे दक्षिणेकडचा काठ अजून मातीचा आहे.

आता नोंदी मोबाइलवर जातात. ई-बर्डवर यादी टाकली की जगाला दिसते. आमची नवी पिढी तिथे आमच्याहून पटाईत आहे. तरी जानेवारीतल्या गणनेला लाल पाठीचे रजिस्टर सोबत न्यायचे, हे अजून कुणी मोडलेले नाही. या वर्षी कापशी तलावावर नुकतीच बदलून आलेली एक लिपिक मुलगी पहिल्यांदा आली होती. मोजणी झाल्यावर वही तिच्या हातात दिली. आधी लिहून ठेवलेल्या नावांवरून ती बोट फिरवत आली आणि गिधाडापाशी थांबली.

‘काका, हे तर आपल्याला कधी दिसतच नाही म्हणता. मग दर वर्षी कशाला लिहायचं?’

आमच्या निवृत्त रोखपालांनी आपल्या खिशातले पेन काढून तिला दिले. तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि शिल्लकेच्या रकान्यात नीट गोल शून्य काढले.